"उजवा हात कुठाय?"

मास्तर कधी तोंडाने 'थांब' म्हणायचे नाहीत. ते भिंतीला खुर्ची लावून बसायचे, कीबोर्डच्या वायरचं भिंतीवरचं बटण त्यांच्या हाताशी असायचं, आणि वाजवणाऱ्याचं काही बिनसलं की ते सरळ बटण बंद करायचे. लाल दिवा विझायचा, आवाज जायचा आणि बोटांखाली नुसती प्लास्टिकची खडखड उरायची. गाणारी माणसं मात्र गातच राहायची. वाजवणाऱ्यासाठी गाणाऱ्याने थांबायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "बघ," ते म्हणायचे, "तुझ्यावाचून काही अडलं का त्यांचं?" मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला उत्तर सुचायचं नाही. आता सुचतं. आता मास्तर नाहीत.

वसईत आमच्या भागातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, माझ्या आईच्या लहानपणापासून गायनवृंदाला त्यांचीच साथ असे. आधी पायपेटी, मग कीबोर्ड. लग्न असो, मयत असो, वर माळ्यावर मास्तर बसलेले असणार हे सगळे गृहीत धरत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. उमेळ्याला त्यांचं जुनं घर होतं. मागच्या वाडीत केळी आणि सोनचाफा, आणि समोर, जिथे शेजाऱ्यांची वाडी होती तिथे, नवी सात मजली बिल्डिंग. मास्तर बिल्डिंगकडे पाठ करून बसायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती पियानोच्या परीक्षा देऊन. इंग्रजी पुस्तकं, इंग्रजी परीक्षक, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असायचा, की हिने वर्गात बोलायला हवं. पियानो मला आवडायचा कारण वाजवणाऱ्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही. आई म्हणाली, "बंद खोलीत वाजवतेस ते जरा देवळात वाजव." पहिल्या दिवशी मी मास्तरांना माझा सगळ्यात अवघड तुकडा वाजवून दाखवला. त्यांनी तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "छान. आता हे घरी ठेवून ये. इथे तू गात नाहीस, बाय. सिल्वी गाते."

(मास्तर गावबोलीत बोलायचे. ती मला समजते, पण लिहिता येत नाही. म्हणून त्यांची वाक्यं इथे साध्या मराठीत आहेत. त्यामुळे ती जरा सौम्य वाटतील. ती सौम्य नव्हती.)

सिल्वीआंटी आमच्या गायनवृंदातली मुख्य गायिका. अंगाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. तिला साथ करायची म्हणजे काय, हे मास्तरांनी मला शिकवलं, आणि ते कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नव्हतं. ती गात असताना तिचीच चाल आपण वाजवायची नाही. "ती बोलते तेच तू तिच्याबरोबर बोललीस, तर दोघींतली एक वेडी." डाव्या हाताने खाली आधार द्यायचा, आणि उजव्याने, ओळ संपून ती श्वास घेते तेवढ्यात, हलकासा भरणा करायचा. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, खांद्यांकडे बघायचं. खांदे वर गेले की श्वास आला. गाण्याआधी सूर द्यायचा तो एकच, नक्षीकाम न करता. "तिला घर दाखव. अंगणात रांगोळी काढत बसू नकोस."

कीबोर्डवर पट्टी बदलायचं एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच जागी ठेवून सगळं गाणं वर किंवा खाली सरकतं. मास्तरांनी त्या बटणावर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावून ठेवली होती. "सिल्वीला सर्दी झाली तर ती काळी चारवरून पांढरी चारवर येणार. तू बोटांनी खाली यायचं, बटणाने नाही." मी बोटांनी खाली यायला शिकले. त्यांचं एक वाक्य तर गायनवृंदातल्या सगळ्यांना पाठ होतं: "गाणारी चुकली की तूही चूक. फक्त तिच्याआधी चुकू नकोस." सिल्वीआंटी हसून म्हणायची, "मास्तर, माझ्या चुका इतक्या जुन्या आहेत की आता त्याच चाल झाल्यात."

मला हे सगळं आवडत होतं, हेही सांगायला हवं. आणि राग येत होता, हेही. आयुष्यभर मला लोक बोल, बोल म्हणत आले होते. एक जागा सापडली होती जिथे मी न बोलता मोठा आवाज काढू शकत होते, आणि तिथे हा माणूस बटणावर हात ठेवून मला गप्प राहायला शिकवत होता. तरी मी शिकले, आणि नीट शिकले. दीड वर्षाने सिल्वीआंटी एकदा गाणं संपवून वळली आणि म्हणाली, "आज तू आहेस हेच विसरले मी." मास्तरांनी मान हलवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ते सुरू झालं.

"उजवा हात कुठाय?"

"वाजवतेय, मास्तर."

"मग मला ऐकू का येत नाही?"

हा प्रश्न त्यांनी माळ्यावर, सगळ्यांसमोर, कितीतरी वेळा विचारला. तो खरंच प्रश्न आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. मला वाटलं माझा हात कच्चा आहे. मी घरी तासन्‌तास नुसते भरणे वाजवायचे. आई म्हणायची, चांगलं वाजतंय की. पण आईला काय कळतं, असं मी म्हणायचे, कारण मास्तरांना कळतं यावर माझा विश्वास होता. शनिवारी तालमीला पुन्हा तेच. "उजवा हात मेलाय का तुझा?" आणि बटण बंद.

देवळाच्या सणाला मास्तरांनी पहिल्यांदाच मला साथीला बसवायचं ठरवलं होतं. सणाची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, म्हणजे गावोगाव पांगलेली माणसं परत येतात, मंडप पडतो, घरोघरी पाहुणे. आईने नालासोपाऱ्याच्या मावशीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेवटच्या तालमीला सिल्वीआंटीने स्तोत्र सुरू केलं. पहिल्याच ओळीनंतर मास्तर ओरडले, "उजवा हात!" मी जोर वाढवला. "उजवा!" मी आणखी वाढवला. मी तिच्या खांद्यांकडे बघायचं सोडून मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. त्यांना ऐकू जाईल एवढं वाजवायचं, एवढंच डोक्यात होतं. सिल्वीआंटी मधेच थांबली. ती कधी थांबायची नाही.

"अगं, गाऊ देतेस का मला? बुडवलंस की."

माळ्यावर सगळे हसले. मला वाटलं, मास्तर सांगतील की त्यांनीच जोर लावायला सांगितलं होतं. मास्तर उठले आणि म्हणाले, "हिला साथ येत नाही. ही परीक्षेची पोरगी आहे. सणाला दुसरं कुणीतरी बघा."

सणाला विरारहून एक बँडवाला मुलगा आणला. त्याने बटण दाबून तयार ठेका लावला आणि स्तोत्राखाली तो ठेका वरातीसारखा वाजत राहिला. मी खाली, मावशी आणि आईच्या मधे, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये बसले होते. मावशीने विचारलं, "तू वाजवणार होतीस ना?" आई म्हणाली, "तिची परीक्षा आहे." माझी कसलीही परीक्षा नव्हती. माझ्यासाठी आईला देवळात बसून खोटं बोलावं लागलं, हे मी विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मी मास्तरांनी दिलेली स्तोत्रांची पुस्तकं परत द्यायला उमेळ्याला गेले. दाराला चिमणीच्या आवाजाची बेल होती. मी ती दाबली. खिडकीतून मला मास्तर दिसत होते, दारापासून चार हातांवर, पेपर वाचताना. चिमणी चिवचिव करत होती आणि त्यांनी मानही वळवली नाही. मला वाटलं, मुद्दाम करतायत. मी पुन्हा दाबली. आतून त्यांच्या बायकोचा, नॅन्सीआंटीचा आवाज आला: "अगं, ती बेल त्यांना कुठे ऐकू येते? दार ठोक!"

मी दारावर थाप मारली. मास्तर लगेच म्हणाले, "कोण?"

नॅन्सीआंटी पदराला हात पुसत बाहेर आली आणि अगदी सहज म्हणाली, "बारीक आवाज गेलेत त्यांचे. थाप ऐकू येते, मोबाईल नाही. डॉक्टर मशीन लाव म्हणतो, पण ऐकतात कुणाचं?"

"कधीपासून?"

"झालं की वर्ष आता."

वर्षभर. मी मनात मागे मोजत गेले आणि ते बरोबर त्या पहिल्या 'उजवा हात कुठाय'पाशी येऊन थांबलं. मी पुस्तकं ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

"काय?"

"तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

"नीट बोल, बाय. पुटपुटू नकोस."

मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. घरी नाही, शाळेत नाही. "तुम्हाला ऐकू येत नाही!" मी ओरडले. "माझा हात बरोबर होता! तुम्हाला माहीत होतं!"

समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन गेटपाशी आला. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "काय झालं गं?"

"हळू बोल," मास्तर म्हणाले.

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही!"

सवयीने त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. घरचा कीबोर्ड तर झाकून ठेवलेला होता. मग ते बसले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका लहान होता. "मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला खाली बाकावर बसवलं असतं."

"म्हणून मला बसवलंत?"

हे मात्र मी न ओरडता म्हटलं, तरी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. नॅन्सीआंटी म्हणाली, "चहा घेऊन जा, पोरी." मी चहा घेतला नाही.

गल्लीने ऐकलं ते संध्याकाळपर्यंत देवळात पोचलं. सिल्वीआंटीचा फोन आला. "बाय, नाताळला तूच बसायचं. मास्तरांचं कळलं आम्हाला. आम्हीसुद्धा कसे, एवढी वर्षं गातो आणि आमच्या लक्षात येऊ नये."

"मास्तर काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? येतच नाहीत आता वर."

नाताळला मी वाजवलं. चांगलं वाजवलं. पण ज्या माळ्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले होते की हिला साथ येत नाही, त्याच माळ्यावर, त्याच सगळ्यांसमोर, चूक कानाची होती एवढं त्यांनी स्वतः म्हणावं, हे मला हवं होतं. दुसरं काही नको होतं. ते त्यांनी कधीच म्हटलं नाही. मुलगा दोघांना बोळिंजला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. एका लग्नात मास्तर मला भेटले. कानात मशीन होतं. म्हणाले, "काय, जमते का आता साथ?" त्या 'आता'चा मला इतका संताप आला की मी जेवणाच्या रांगेतून बाहेर पडले.

मागच्या वर्षी ते गेले. मिस्सा आमच्याच देवळात झाली आणि साथीला मी होते. सिल्वीआंटी रडत गात होती, सूर खाली खाली सरकत होता, आणि मी बोटांनी तिच्यामागून खाली येत गेले, तिला कळूही न देता. बाहेर आल्यावर चार जणांनी माझे हात धरून सांगितलं, मास्तरांचाच हात आहे हा. मी नेहमीसारखी मान हलवली. ते खरं आहे. मला जे येतं ते त्यांनी दिलेलं आहे. फादर म्हणतात, क्षमा कर. मी म्हणते, करीन, पण त्यांनी मागितलेली नाही.

हल्ली शनिवारी माझ्याकडे तीन मुलं शिकायला येतात. आमची खोली रस्त्याकडे आहे. टँकर जातात, रिक्षा वाजतात, समोर बांधकाम चालू असतं. त्यातला एक मुलगा फार हळू भरणा करतो, आणि कधीकधी तो त्या आवाजात हरवतो. तेव्हा मी त्याला म्हणते, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा वाजव." तो पुन्हा वाजवतो. मला ऐकू येतं. आम्ही पुढे जातो.

एवढंच असतं ते. 'मला ऐकू आलं नाही' हे म्हणायला मला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी म्हटल्यावर मला मास्तरांचा नव्याने राग येतो.