पुढच्या दाराची पायरी

आमच्या घरात सगळे म्हणतात, आईला गाडी लागते. मुलं म्हणतात, सुना म्हणतात, पाहुण्यांना मीही तेच सांगत आलो. ते खरं नाही. मुलांना हे माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून लिहितो.

आमची सात जणांची डिझेल गाडी जुनी आणि जमिनीपासून चांगलीच उंच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिची लहानसहान कामं मी अंगणातच करू लागलो. धुक्यातले दिवे लावले, मागचं दिसायला कॅमेरा बसवला, सीटना नवी कव्हरं शिवून घेतली. बायकोचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. "एक पायरी लावून द्या न जी," ती म्हणायची. "लावतो," मी म्हणायचो. तोवर चढण्यासाठी डिकीत एक लाकडी स्टूल ठेवलं होतं.

आष्टीला एका लग्नात, मांडवासमोरच, ते स्टूल तिच्या पायाखालून सरकलं. ती दाराला लटकली, एक चप्पल खाली पडली. उभे असलेले लोक हसले. मीही हसलो. पुढच्या खेपेला गाडी काढली, तर म्हणाली, "तुमीच जा. मले गाडी लागते." तिला आयुष्यात कधी गाडी लागलेली नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण पायरीचं काम टळलं, म्हणून मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. त्यानंतर ती गाडीत बसलीच नाही.

यंदा हिंगणीला तिची मोठी बहीण पडली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. बायको फोनवर तिला सांगत होती, "बरी झाली का तूच येजो बाई इकडं." पलीकडून बहीण काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. बायकोने फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने त्याची काच पुसत बसली.

मी गच्चीवर गेलो. मोडक्या कुलरचं लोखंडी स्टँड तिथे पडलं होतं, त्याचे अँगल कापले. मागच्या अंगणातल्या ज्या पायरीवर ती भिंत न धरता चढते, तिची उंची मोजून घेतली. गाडीखालचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. त्यांच्यावर डिझेल सोडलं आणि पोतं अंथरून खाली शिरलो.

"अवो, निघा बाहीर," ती ओसरीतून ओरडली. "नुसते पाय दिसून राह्यले. शेजारीण विचारते, काय झालं म्हणून!"

पायरी बसली. वर जुन्या टायरचा रबर ठोकला. तिला बोलावलं, तर ती सवयीने थेट मागच्या दाराशी गेली.

"कुठं हाय पायरी?"

"पुढच्या दाराला."

"पुढं काऊन? पुढं तं मानसं बसतात."

खरंच होतं. पुढे आधी माझे वडील बसायचे, मग मुलगे, मग माझे मित्र. आम्ही दोघंच असलो, तरी ती मागे बसायची आणि शेजारच्या सीटवर माझी बॅग असायची. इतक्या वर्षांत मी तिला कधी पुढे ये म्हटलं नव्हतं.

"आता तू बस," मी म्हणालो.

तिने पायरी आधी चपलेने दाबून पाहिली. "मोडली तं?"

"मी उभा राहून पाहिलं."

"तुमच्यात वजन हाय कुठं?" म्हणत ती चढली. माझा हात तिने धरला नाही, लागलाच नाही.

हिंगणीच्या वाटेवर सेलू मागे पडेपर्यंत ती समोरच्या काचेतून बघत होती. "किती दूरचं दिसते जी इथून," म्हणाली.

"आष्टीला मी हसायला नको होतं," मी म्हणालो.

"समोर पाहून चालवा," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने पदराच्या गाठीतली बडीशेप माझ्या तळहातावर ठेवली.

हिंगणीला बायको बहिणीच्या खाटेवर बसून तिच्या केसांना तेल लावत राहिली. मग मला म्हणाली, "उभी राहाले लागली का बाईले दवाखान्यात दाखवाले न्या लागते. मागच्या दारालेबी एक करून द्या. जरा आणखी खाली पायजे."

मी टेप घेऊन बाहेर आलो. मागचं दार उघडलं आणि माप घ्यायला खाली बसलो. आतून दोघींचं बोलणं आता ऐकू येऊ लागलं होतं.