बैलाचं हाड भरून येतं तेव्हा

स्क्रीनवरचा रिपोर्ट सांगत होता की हाड छान भरून येतंय. अडचण एवढीच होती, की ते हाड मेलेल्या बैलाचं होतं आणि दोन स्कॅनच्या मधला सगळा वेळ ते आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये पडून होतं.

मी जर्मनीत, एर्लांगेनमध्ये मेडिकल इमेजिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवताना त्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडात घालतात. मग भोवतीचं हाड वाढून दांड्याला धरतं. कितपत धरलंय, ते आमचं सॉफ्टवेअर सीटी स्कॅनवरून मोजतं. निदान तसा आमचा दावा होता.

चाचणीतल्या सगळ्याच पेशंटचे रिपोर्ट उत्तम यायला लागले, तेव्हा मला शंका आली. जे वाढूच शकत नाही असं काहीतरी मोजून बघावं, म्हणून मी, जन्माची शाकाहारी, मेत्स्गराइत म्हणजे खाटकाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, सूपसाठी का? म्हटलं, सांधा बसवायचाय. त्यांनी शांतपणे हाड कागदात गुंडाळून दिलं.

लॅबमध्ये मी त्यात दांडा बसवला आणि काही दिवसांच्या अंतराने दोनदा स्कॅन केलं. निकाल मी बॉसला, मार्कुसला, दाखवला.

"आल्झो, म्हणजे असं बघ, बैल आपल्या टार्गेट ग्रुपमध्ये येत नाही," तो म्हणाला. "डेमोत हे नको."

डेमो दुसऱ्या दिवशी होता. सर्जन फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, आल्या होत्या. त्यांच्या पेशंटचा, हेर म्हणजे श्रीयुत ब्रांट या रिटायर्ड पोस्टमनचा, सांधा दुसऱ्यांदा बदलला होता. आमचा रिपोर्ट बघून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग उद्यापासून त्यांच्या कुबड्या काढून टाकू.

मार्कुस माझ्याकडे बघत होता. तरी मी बैलाचा रिपोर्ट उघडला.

फ्राऊ केलरनी तो दोनदा वाचला. "याचं तर हेर ब्रांटपेक्षा चांगलं चाललंय," त्या म्हणाल्या आणि मूळ स्कॅन मागितला.

चूक तिथेच दिसली. धातू एक्स-रे अडवतो, त्यामुळे दांड्याभोवती पांढरे पट्टे उमटतात. सॉफ्टवेअर त्या पट्ट्यांनाच हाड समजत होतं. स्कॅनरमध्ये हाड थोडं तिरकं ठेवलं, की पट्टे वाढायचे आणि आम्ही लिहायचो, प्रगती समाधानकारक. पट्टे बाजूला ठेवून पाहिलं, तर हेर ब्रांटच्या दांड्याला हाडाने जेमतेम धरलं होतं. कुबड्या राहिल्या.

रिलीज पुढे ढकललं. पट्टे वगळायला शिकवल्यावर आम्ही बैल पुन्हा मोजला. वाढ शून्य. मेलेलं हाड मेलेलंच आहे म्हणून अख्ख्या टीमने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मार्कुसने.

हेर ब्रांट पुढे कुबड्यांशिवाय चालू लागले. मी मात्र एक शिकले. जे मशीन कधीच वाईट बातमी देत नाही, त्याच्या चांगल्या बातमीवर कुणाला चालायला सांगू नये.