थप्पीवरची मांजरी

तारण ठेवलेला माल बघायला बँकेतर्फे मी दर महिन्याला मार्केट यार्डातल्या गोदामांतून फिरतो. काल दुपारी डाळींच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो, तर तूरडाळीच्या थप्पीवर मांजरी व्यायली होती. पोत्यांच्या खाचेत पिल्लं एकमेकांना चिकटून झोपलेली.

"मागच्या वेळी हीच थप्पी होती ना?" मी विचारलं.

"हीच," शेठ म्हणाले. "हमालांना सांगितलंय, पिल्लं चालायला लागेपर्यंत हात लावू नका. तसंही कोण मागतंय? तेवढी तीन महिन्यांच्या कर्जाची रक्कम वाढवून द्या साहेब. डाळ देणारे मिलवाले पैशासाठी थांबत नाहीत."

घाऊक व्यापाऱ्यांची अल्पमुदतीची कर्जं वाढताहेत, म्हणजे बाजारात उठाव येतोय, असं सकाळीच पेपरात वाचलं होतं. खोटं कसं म्हणू? नवा माल भरायचा असला की माणूस कर्ज काढतो. पण जुना हलत नाही तेव्हाही काढतो, आणि आकड्यात आशा आणि नड सारख्याच दिसतात. इतकी वर्षं पोती मोजतोय, पण आकडा मागणाऱ्यांनी थप्पीवरच्या धुळीबद्दल मला कधी विचारलं नाही. मीही सांगायचं सोडून दिलंय.

तारणाला माल भरपूर होता. मी शिफारशीवर सही केली. आता यांचंही कर्ज त्या चढत्या आकड्यात जाईल.

जेवायला निघताना शेठनी शटर ओढलं आणि खाली वीतभर उघडं ठेवलं.

"मांजरीसाठी," ते म्हणाले. "सध्या तिचीच काय ती ये-जा आहे."