आपण काल औषधाला आला नाहीत

दादा गेला तो मंगळवार होता. सकाळी साडेदहाला गेला. दुपारी त्याला नेलं. नेण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाने मला विचारलं, "वय किती होतं?" मी सांगितलं, "चौतीस."

त्याने मान खाली घातली आणि मागच्याला हलकेच सांगितलं, "चौतीस." मागच्याने त्याच्या मागच्याला. मला वाटलं, हळहळ अशीच पसरत असेल. माझं सगळं आयुष्य पुस्तकं वाचण्यात आणि मुलींच्या शाळेत ती शिकवण्यात गेलेलं. दारातली माणसं मटक्याचा आकडा नेत आहेत, हे मला संध्याकाळी कळलं.

मटका म्हणजे मुंबईत कुणीतरी पत्ते काढायचे, त्यातून आधी एक आकडा निघायचा, मग दुसरा, आणि त्या दोन आकड्यांच्या जोडीसाठी सोलापुरातल्या माणसांनी दिवसभर श्वास धरून बसायचं. जोडी कुठून सुचेल याला नियम नव्हता. स्वप्नात दिसलेल्या म्हशी, पुढून गेलेल्या ट्रकचा नंबर, नव्या बाळाचं वजन, सगळं चालायचं. गेलेल्या माणसाचं वय मात्र खास समजलं जाई. माणूस जितका अवेळी गेला, तितका आकडा ताजा.

दुष्काळानंतरची ती वर्षं. दादा क्षयाच्या सरकारी दवाखान्यात कारकून होता. औषध चुकवणाऱ्या रोग्यांना पोस्टकार्डं लिहिणं हे त्याचं काम. तेव्हा क्षयाची औषधं वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागत. माणसाला तीन महिन्यांत बरं वाटू लागे आणि बरं वाटलं की तो यायचा थांबे. कार्डाचा मजकूर डॉक्टरांनी ठरवून दिला होता. "आपण काल औषधाला आला नाहीत. आम्ही वाट पाहिली. उद्या अवश्य यावे." बस्स. आजाराचं नाव लिहायचं नाही, कारण कार्ड पोस्टमनपासून घरमालकापर्यंत सगळे वाचतात. रागावायचं नाही. "रागावलं की रोगी आपल्यापासून लपतो, रोग लपत नाही," असं ते म्हणत. दादाचं अक्षर सुरेख होतं. गिरणीतली माणसं ती कार्डं देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवत, आणि येत.

दवाखान्यासमोर पानाची टपरी होती. चुन्याच्या डबीखाली मटक्याच्या चिठ्ठ्या. टपरीवाला मूळचा विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, मला अक्का म्हणणारा. तोही त्याच दवाखान्याचा रोगी. रोज संध्याकाळी पाचला टपरी बायकोवर सोपवून तो सुई घ्यायला रांगेत उभा राही. आणि रोज पाचलाच आमचा दादा टेबलावरून उठून टपरीवर जाई, कारण आकडा फुटायची वेळ तीच. दोघे रस्त्याच्या मध्यावर एकमेकांना ओलांडत.

एकदा पोलिसांनी धाड घातली. टपरीपाशी उभी असलेली माणसं नेली, त्यांत दादाही. टपरीवाल्याला नेलं नाही. तो त्या वेळी रांगेत होता, आणि धाडीची वेळ त्याला आधीपासून ठाऊक होती. डॉक्टर दादाला सोडवायला चौकीत गेले, बरोबर मी.

हवालदार म्हणाला, "सायेब, तुमी कशाला आला? ह्यो काय पेशंट न्हाय. जुगारी हाय."

"पेशंटच आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्याचं कार्ड अजून निघालं नाही."

"मग सुई द्या की एक!"

सगळी चौकी हसली. दादाही हसला. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. आपल्या देशात गंभीर माणसाची सुरुवात अशीच चौकीत होते.

परत येताना ते मला म्हणाले, "बाई, हिवताप आला तर आपण आजाऱ्याला मारतो का? डबकं शोधतो. इथे आपण आजाऱ्याला चौकीत नेतो आणि डबक्याकडून पान खातो."

त्यांनी काढलेला उपाय इतका साधा होता की तो सरकारला मानवणं शक्यच नव्हतं. ज्याला मटका सोडायचा आहे त्याने आपणहून नाव द्यायचं. नावांची यादी टपरीच्या फळीला आतून चिकटवायची. यादीतल्या माणसाची चिठ्ठी टपरीवाल्याने घ्यायची नाही. टपरीवाला तयार झाला. रोज आपल्या दंडात सुई टोचवून घेणाऱ्या माणसाला दवाखान्याशी वाद परवडत नाही.

"लिवा की सायेब. पण माझं गिऱ्हाईक तोडलं तर सुई हळू टोचायची, काय?"

यादीत पहिलं नाव दादाने घातलं, स्वतःच्या सुरेख अक्षरात. घरी येऊन आईला म्हणाला, "आई, आजपासून मी सरकारी खर्चाने सुधारणार." आईने त्या दिवशी देवापुढे दोन वाती लावल्या. मीही वाचत बसले होते त्या पुस्तकात खूण घालून पुस्तक मिटलं. आमच्या घरात त्याला उत्सव म्हणत.

महिनाभर खरंच बरं चाललं. एकेक करत नावं वाढली. गिरणीतले लोक, हमाल, एक शाळामास्तर. सत्तावीस नावं झाली. आणि मग फक्त आमच्या गावातच होऊ शकेल असं झालं. कुणीतरी मोजली. सत्तावीस माणसांनी एकदम मटका सोडला, म्हणजे हा आकडा देवानेच पाठवला. डॉक्टरच्या हातून आलेला आकडा, त्यात पाप नाही. एका सोमवारी गिरणीच्या पाळीतल्या माणसांनी सत्तावीस लावला. यादीतल्या माणसांनीसुद्धा लावला. समोरच्या टपरीवर चिठ्ठी घेत नव्हते म्हणून ते चालत नवी पेठेत गेले. तिथल्या टपऱ्यांना यादी ठाऊक नव्हती.

सत्तावीस आला नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने डॉक्टरांना यादी परत दिली. "सायेब, लोक लई चिडल्यात. म्हंत्यात, ज्याचा आकडा खोटा त्याची सुई तरी कशी खरी?" आठवडाभर रांग निम्मी झाली. दादाला दुप्पट कार्डं लिहावी लागली.

डॉक्टर चिवट. त्यांनी वरच्या कचेरीला लिहिलं की यादी एका टपरीवर चालत नाही, शहरातल्या सगळ्या टपऱ्यांवर हवी. आकडा फुटण्याची आणि गिरणीत पगार होण्याची वेळ एक नसावी. ज्याला सोडायचं आहे त्याला दवाखान्यात कुणाशी बोलता यावं. पत्र मी तपासून दिलं होतं. उत्तर आलं. मटका कायद्याने बंद आहे, सबब अस्तित्वात नसलेल्या धंद्याचं नियमन करता येत नाही. प्रस्ताव दप्तरी दाखल. मी ते उत्तर तीनदा वाचलं. इतका निर्दोष तर्क मी पुस्तकांतही क्वचित पाहिला आहे. त्या कचेरीच्या फाटकावर एक माणूस कर्णा लावून सरकारी लॉटरीची तिकिटं विकत असे. तो धंदा अस्तित्वात होता. त्याच्या तिकिटावर शिक्का होता, त्यामुळे ते घेणाऱ्याचं फक्त नशीब बिघडे, चारित्र्य नाही.

डॉक्टरांची बदली मंद्रूपला झाली. नव्या डॉक्टरांनी कार्डं बंद केली. ज्याला जगायचंय तो येईल, असं त्यांचं मत होतं.

दादाचा खोकला त्याच सुमाराला सुरू झाला. क्षयाच्या दवाखान्यात दहा वर्षं बसलेल्या माणसाला काय झालंय ते सांगावं लागलं नाही. त्यालाही सुई संध्याकाळी पाचला. तो पाचला टपरीवर. परत येईपर्यंत नर्सबाईंनी सामान आवरलेलं. रोजच्या गैरहजरांची यादी दादाच करायचा. तिच्यात त्याचं नाव कधी नसायचं.

हे मला टपरीवाल्याने सांगितलं. त्याने स्वतः एकही सुई चुकवली नव्हती. "अक्का, मी रांगेत असतो, दादा माझ्या टपरीवर असतात. मी बायकोला सांगितलं, त्यांची चिठ्ठी घेऊ नको. तर ते नवी पेठेत जायला लागले. लांब पडतंय त्यांना. दम लागतोय."

म्हणून मी कार्ड लिहिलं. आमच्याच घरातून आमच्याच घरच्या पत्त्यावर. "आपण काल औषधाला आला नाहीत. आम्ही वाट पाहिली. उद्या अवश्य यावे." पोस्टमनने दोन दिवसांनी आणून दिलं. दादाने चहा पिता पिता मोठ्याने वाचलं.

"आई, मास्तरीणबाईंची नोटीस आली बघ. आम्ही वाट पाहिली म्हणे. पलीकडच्या खोलीत बसून!"

"मग जाणार आहेस का?" मी विचारलं.

"सरकारी कार्ड आहे. जावं लागतं."

आणि तो गेला. मला आजही आश्चर्य वाटतं. पंधरा दिवस न चुकता गेला. मग चुकला, मी कार्ड टाकलं, पुन्हा गेला. असं नऊ वेळा झालं. नवव्या वेळी वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अक्षर सुधारतंय तुझं." त्या काळात त्याचं वजनही थोडं वाढलं होतं. आई त्याच्या ताटात अंडं वाढताना आमच्याकडे पाठ करून उभी राही, कारण ते आमच्या घरात तोवर शिजलं नव्हतं.

दहाव्या वेळी मी रागावले. त्या दिवशी आईच्या पाटल्यांपैकी एक जागेवर नव्हती. मी शाळेत, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बसून कार्ड लिहिलं. डॉक्टरांचा मजकूर मला पाठ होता. तो मी लिहिला नाही. मी लिहिलं, "तुझ्यासारख्या जुगाऱ्याची वाट पाहणं आम्ही सोडलं आहे. लाज असेल तर ये." मराठी चांगलं होतं. एकही शब्द खोडावा लागला नाही.

ते कार्ड आधी पोस्टमनने वाचलं. मग खालच्या घरमालकाने वाचलं, कारण पोस्टमन ते त्याच्याकडे देऊन गेला. घरमालकाने जिन्यात उभं राहून दादाला दिलं आणि म्हणाला, "बहिणीचं आहे वाटतं." हे सगळं मला आईने सांगितलं. दादाने ते मोठ्याने वाचलं नाही. घडी करून खिशात ठेवलं.

त्यानंतर तो सुईला गेला नाही. मी पुन्हा पहिल्यासारखी कार्डं टाकली नाहीत, कारण माझं बरोबर होतं आणि त्याने आधी बोलावं अशी माझी अपेक्षा होती. मी पुस्तकं वाचली. पावसाळ्यात त्याला रक्त पडलं. नवे डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, "औषध मधेच सोडलं की असं होतं. यांना कुणी सांगितलं नाही का?"

मंगळवारी चौतीस लावणाऱ्यांना चौतीस लागला. दादाचा आकडा आयुष्यात एकदाही आला नव्हता. आला तेव्हा लावायला तोच नव्हता. बुधवारी गल्लीत आनंद होता, पण लोक चांगले, आमच्या दारावरून जाताना आवाज कमी करत. टपरीवाला तेराव्याला आला. दारातच उभा राहिला.

"अक्का, सगळ्यांनी लावला. माझ्याकडे लई लोक आले. मी त्या दिवशी टपरीच उघडली नाही."

"बस," मी म्हटलं.

"न्हाय. पाच वाजत आलेत." आणि तो सुईला गेला.

तो बरा झाला. दवाखाना दुसरीकडे गेला, टपरी आहे, तिच्यावर आता त्याचा मुलगा बसतो. सरकारी लॉटरीही आहे. मटका अजून कायद्याने अस्तित्वात नाही.

दादाच्या टेबलाच्या खणातलं सामान दवाखान्याने मला दिलं. त्यात माझी कार्डं होती, तारखेप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधलेली. ती नऊ आहेत. दहावं त्यात नाही.