धुक्यातून काढलेली ऊब

अण्णांचा चंडीगडमधला तो पहिलाच हिवाळा. आई गेल्यावर मी वडिलांना परभणीहून माझ्याकडे घेऊन आले. परभणीची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर घालायचा आणि दहा वाजता उन्हात काढून ठेवायचा. इथे जानेवारीत चार-चार दिवस सूर्यच दिसत नाही. म्हणून मी त्यांच्या खोलीत उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करणारा एसी बसवून घेतला होता. त्याचं बाहेरचं युनिट मागच्या अंगणात होतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात मी नर्स आहे, त्यामुळे सुट्टीची सकाळ म्हणजे सावकाश चहा. आधण उकळतच होतं, तेवढ्यात मागून अण्णांची हाक आली, "अगं ए, धूर निघायलाय!"

मी धावले. अण्णा बनियनवर, अनवाणी, गार फरशीवर उभे. मेन स्विच त्यांनी आधीच पाडला होता. युनिटमधून पांढरे लोट उठून धुक्यात मिसळत होते. जळल्याचा वास मात्र कुठेच नव्हता.

"तसंही आठ दिवसांपासून खोली तापतच नव्हती," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू दमून येतीस. म्हटलं, कशाला."

मला फार लागलं ते. लगेच मेकॅनिकला फोन केला.

जवळच्या खरड गावाहून मोटरसायकलवर, धुक्यातून वाट काढत तो अकराला पोहोचला. पन्नाशी ओलांडलेला सरदारजी, दाढीवर दवाचे थेंब. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "धुआँ नहीं जी, भाप थी. ठंड में बाहर की जाली पे बर्फ जमती है, मशीन खुद पिघलाती है. पर इतनी ज़्यादा भाप और कमरा ठंडा, मतलब बर्फ बहुत जम रही है."

मग त्याची नजर युनिटवर गेली. दव आणि थंडी लागू नये म्हणून मी डिसेंबरात त्याला जुनी गोधडी गुंडाळून सुतळीने बांधली होती. पुढची पंख्याची जाळी तेवढी मोकळी ठेवली होती.

"बहनजी, ये तो पीछे से साँस लेती है. आपने नाक ही बंद कर दी."

रोज पेशंटचे श्वास मोजणारी मी. गोधडी सोडली.

आत बघून मलाच शरम वाटली. पातळ पत्र्यांच्या ओळींवर उन्हाळ्यापासूनच्या धुळीचा थर लोकरीच्या जाड नमद्यासारखा बसला होता. खाली कडुनिंबाची पानं कुजून पाणी जायची भोकं बुजली होती आणि तळाशी बर्फाची लादी धरली होती. मी गाडी धुवायचा जोरदार फवारा आणू का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "ना जी, पत्तियाँ मुड़ जाएँगी," म्हणजे ते पातळ पत्रे वाकतील. त्याने कोमट पाण्याने बर्फ सोडवला, तारेने भोकं मोकळी केली. मऊ ब्रशने वरून खाली, एकाच दिशेने धूळ उतरवली. मग पाइपची हलकी धार आतून बाहेर सोडली. काळं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. जिथे पत्रे वाकले होते तिथे चष्मा लावून, फणीसारख्या हत्याराने एकेक ओळ सरळ केली. हात गारठून लाल झाले होते, पण घाई नाही. इतक्या हलक्या हाताने काम करताना मी आमच्या ऑपरेशन थिएटरातही थोड्याच लोकांना पाहिलंय.

अण्णा मफलर गुंडाळून शेजारी स्टुलावर बसले होते आणि आपण मास्तर होतो हे सांगून परभणीच्या हिंदीत प्रश्न विचारत होते. "भाईसाब, इत्ती ठंड में इसको गरमी मिलती कां से?"

"इसी हवा से जी. अंदर की गैस हवा से भी ठंडी होती है, तो हवा की गरमी उसमें आ जाती है. फिर कंप्रेसर दबाता है, और गरम. वही अंदर जाती है."

मेन स्विच चालू केला. थोड्या वेळाने पंखा फिरू लागला. अण्णांनी त्याच्यासमोर तळहात धरला आणि चटकन मागे घेतला.

"ये तो और ठंडी हो गई!"

"होगी ही. इसकी गरमी आपके कमरे में चली गई."

अण्णा खोलीत गेले. एसीखाली हात धरला. पुन्हा बाहेर आले, पंख्यासमोर हात धरला. पुन्हा आत. असं तीनदा. बत्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडे जाते, उलट न्यायची तर काम करावं लागतं, हे मीही त्यांच्याच वर्गात लिहून घेतलेलं. आता ते धुक्याकडे असे बघत होते, जणू कुणी पहिल्यांदाच दाखवलं.

"अगं, ह्या सगळ्यात ऊब आहे," ते हळूच म्हणाले. "एवढ्या गारठ्यात. सगळीकडं."

मीही हात पुढे केला. तो गार झोत बोटांना झोंबला आणि अंगावर काटा आला. थंडीने नव्हे.

मेकॅनिक हत्यारं पुसत होता. "मास्टरजी, पहले साल मैं भी रोज़ हाथ लगा के देखता था."

"और अब?"

"अब भी," तो म्हणाला आणि ओशाळून हसला.

मी दोघांना चहा दिला. तो गेला तरी अण्णा अंगणातच उभे. जेवायला मला दोनदा हाक मारावी लागली.