कोऱ्या पडद्याचं कौतुक

माजलगावात इंटरनेट नवीन होतं तेव्हा मी स्वतःची वेबसाइट केली होती. आसपासच्या गावांचे फोटो, झेंडूच्या रंगावर पिवळी अक्षरं, वरून गळणाऱ्या चांदण्या. मी बसायचो त्या नेट कॅफेशेजारचे एक म्हातारे कापडवाले ती बघायला रोज यायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, नाक पडद्याच्या काचेला टेकवायचे आणि म्हणायचे, "लई भारी हाय, सर." मी फुगायचो.

एकदा पान उघडायच्या आधीच, नुसत्या कोऱ्या पडद्याकडं बघून ते म्हणाले, "लई भारी हाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं. यांना त्या पिवळ्यात आजवर एक अक्षर वाचता आलं नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून ते बोलत होते.

त्याच दुपारी मी चांदण्या काढल्या आणि पांढऱ्यावर मोठी, काळी, ठसठशीत अक्षरं केली.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वाकले. एकेक ओळ वाचत खाली आले. मग एका फोटोखाली बोट आपटत कडाडले, "आवो सर, हितं तलवाडा कावून लिवलं? हा बाजार तर लिंबागणेशचा हाय! तुमाला दिसतंय का न्हाई?"

मला इतकं हायसं वाटलं, की चूक तशीच ठेवून मी आधी त्यांच्यासाठी चहा सांगितला.