व्याह्यांचं पिवळं हेल्मेट

माणसाच्या शरीरातच देवाने बसण्याची सोय करून ठेवली आहे, ही गोष्ट आमच्या व्याह्यांना सदुसष्ट वर्षांत कोणी सांगितलेली दिसत नाही. माझ्या मुलाचे हे सासरे प्रकाशाला राहतात. तापीकाठी त्यांची केळी आहेत, थोडी पपई आहे. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत ते महिन्यातून तीनदा तरी नंदुरबारला आमच्याकडे आले असतील, पण गेल्या पौषापर्यंत बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. लग्नात विधीसाठी पाटावर बसवले, तेव्हा त्यांचा गुडघा असा हलत होता की भटजींच्या ताम्हनातलं पाणी हिंदकळत होतं. जेवायचे उकिडवे, वर्तमानपत्र वाचायचे फेऱ्या मारत, आणि देवळात गेले तर देवालाच घाई झाल्यासारखा नमस्कार करून बाहेर यायचे. एसटीने या म्हटलं तर म्हणायचे, तिच्यात बसावं लागतं. म्हणून ते सायकलने यायचे. तापीचा पूल ओलांडून दोन-अडीच तास पायडल मारत यायचे, अंगणात सायकलला टेकून पाच मिनिटं उभे राहायचे, पिशवीतली भरताची वांगी काढून द्यायचे आणि निघायचे. "अहो, बसा तरी," मी दर वेळी म्हणायचो. "बठाले टाइम कोठे शे नाना? आंडेरनं तोंड दखं, चालनू मी," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आंडेर म्हणजे लेक. तिचं तोंड पाहायला पाच तासांची रपेट, आणि पाहणं पाच मिनिटांचं!

न बसण्याचं आणखी एक कारण होतं. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा जुना नेम आता आमच्याकडे कोणी पाळत नाही, पण व्याह्यांनी तो आजोबांकडून घेतला होता आणि केळीच्या खुंटासारखा जपला होता. भर उन्हातून आलेला माणूस, ओठ सुकलेले, आणि आमच्या दारात पाणी पीत नाही, हे पाहून मला तर संतापच यायचा. शेवटी सूनबाईने तोड काढली. आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या अंगणात कमरेइतकी भिंत आहे. चहा आमच्या गॅसवर, आमच्या दुधाचा व्हायचा. कप भिंतीवरून मावशींकडे जायचा, व्याही रस्त्याने वळसा घालून मावशींच्या अंगणात जायचे आणि तिथे उभ्याने तो चहा पीत भिंतीवरून आमच्याशी मोठ्या आवाजात गप्पा मारायचे. मावशी बिचाऱ्या दर वेळी, "साखर बरोबर शे ना?" असं विचारून यजमानपणा निभवायच्या. मी कपाळाला हात लावायचो, पण ते मुलाचे सासरे, माझं त्यांच्यापुढे काय चालणार!

आता हेल्मेटचं. आमची सून एका दवाखान्यात नर्स आहे. फुटलेली डोकी तिने जवळून पाहिली आहेत, आणि प्रकाशाच्या रस्त्यावर उसाच्या नि केळीच्या गाड्या कशा धावतात हेही तिला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आबा, म्हणजे तिचे वडील, सायकलवरून आलेले पाहिले तेव्हा तिने त्यांच्या डोक्याकडे नीट पाहून घेतलं. दुसऱ्या खेपेला तिने पहिल्या पगारातून आणलेलं सायकलचं हेल्मेट त्यांच्या हातात ठेवलं. दुकानात एकच रंग शिल्लक होता, पिकल्या लिंबासारखा पिवळाधमक. "आबा, सायकलवर येवानं व्हई तं हाई घालीसन या. नहीतं येऊ नका, मीच येसू," ती म्हणाली. गोष्ट सरळ होती, हेल्मेट नाही तर लेकीची भेट नाही. व्याह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि टोपीवरूनच चढवलं. टोपी काढणं शक्य नव्हतं. त्यांच्या मते पुरुषाने उघड्या डोक्याने बाहेर पडावं ते फक्त घरात कोणी गेल्यावर. टोपीवर बसलेलं हेल्मेट बोटभर अधांतरी राहिलं, पट्टा हनुवटीपर्यंत पोहोचेना. मग त्यांनी पट्ट्याला पायजम्याची नाडी जोडली. नंदुरबारच्या अलीकडे मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लागतात, तिथे भल्याभल्यांना शिंका येतात. व्याह्यांना शिंक आली की हेल्मेट पुढे डोळ्यांवर यायचं आणि सायकल काही काळ नुसत्या अंदाजाने चालायची. त्यांच्या सुरक्षेतला सगळ्यात धोक्याचा भाग तोच होता.

पण त्यांना धोक्याची नाही, हसण्याची भीती होती. वाटेवरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी ओरडायचं, "काय आबा, क्रिकेट खेवाले चालनात का?" हे त्यांच्या जिव्हारी लागायचं. हेल्मेट काढावं तर लेकीला दिलेला शब्द मोडतो, ठेवावं तर पुलापासून रेल्वे फाटकापर्यंत फजिती. या कोंडीतून त्यांनी जो मार्ग काढला तो ऐकून मी, महसूल खात्यात बत्तीस वर्षं टेबलावर काढलेला माणूस, थक्क झालो. "नाना," ते अंगणात येरझाऱ्या घालत म्हणाले, "एकला घालस तो येडा. समदा घालतीन तं त्याले कायदा म्हनतस. तुम्हीन सरकारले लिखा." म्हणजे आपली एकट्याची लाज वाटून घेण्यासाठी त्यांना देशातले सगळे सायकलवाले हवे होते!

मी त्यांना परोपरीने समजावलं. सायकलला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही, दंड करणार कोणाला आणि पावती फाडणार कशाच्या आधारे? पथारीवर कामाला जाणारी माणसं तोंडाला नि डोक्याला फडकं गुंडाळून सायकल चालवतात, त्यांनी फडकं सोडलं तर मिरची नाकातोंडात जाते. "मोटारसायकलवालानं डोकं सरकारले मोलनं वाटस, नि आम्हनं काय फुकटनं शे?" हे त्यांचं एकच उत्तर. शेवटी मी कागद पुढे ओढला. मी अर्ज लिहून दिले. एक नाही, तीन. मी लिहीत असताना ते अंगणात सायकलभोवती गोल फिरायचे आणि वाक्य संपलं असं वाटलं की घंटी वाजवायचे. "सबब विनंती की" हे शब्द त्यांना फार आवडायचे, तिथे ते दोनदा घंटी वाजवत. आता कबूल करायला हरकत नाही, ते तिन्ही अर्ज मी टाकले नाहीत. असल्या अर्जाचं टेबलावर काय होतं ते मला माहीत आहे, आणि व्याह्यांच्या नावावर कोणी हसावं हे मला नको होतं. ते माझ्या कपाटात राहिले. व्याही मात्र दर खेपेला विचारायचे, "उनं का उत्तर?" आणि मी म्हणायचो, सरकारचं काम आहे, थोडा दम धरा. दम धर म्हणून सांगायचं, तेही कोणाला!

उत्तर येईना म्हणून त्यांनी गावच्या ग्रामसभेत विषय मांडला. मलाही नेलं होतं, कायद्याचा माणूस म्हणून. सभा सतरंजीवर बसलेली आणि व्याही मध्ये उभे, डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं, नाही तर दंड, असा ठराव त्यांनी मांडला. थोडा हशा झाला. मग मागून केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक बाई उठली. तिच्या मुलीला शाळेसाठी सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. "आबा," ती म्हणाली, "सायकल भेटनी म्हनीसन मन्ही आंडेर शाळामा जास. हेल्मेट नही म्हनीसन ती घर बठनी, तं तुम्हना कायदा तिले शिकाडी का?" सतरंजीवरच्या बायांनी माना डोलावल्या. ग्रामसेवक म्हणाले की हा विषय ग्रामपंचायतीच्या अधिकारात येत नाही, आणि सभा पुढच्या विषयाकडे, पाण्याच्या टाकीकडे वळली. परतताना व्याही सायकल हातात धरून माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालले. एवढे हळू चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाई खरं बोलनी नाना," ते शेवटी म्हणाले. "दंड काढी टाका. पन डोकं तं झाकाले पाहिजे ना!"

त्यानंतर त्यांनी सरकारचा नाद सोडला आणि स्वतःच कामाला लागले. रस्त्यात सायकलवाला दिसला की आडवी सायकल घालून विचारायचे, "डोकं उघडं कसाले रे? घरमा कोन्ही गयं का?" हा प्रश्न असा आहे की याला हसून उत्तर देता येत नाही. घरातले सगळे खुशाल आहेत असं माणूस घाईघाईने सांगतो आणि नकळत हात डोक्याकडे नेतो. रोज तोच रस्ता, रोज तोच प्रश्न. लोक कंटाळले, चिडले, मग घाबरले. एका दूधवाल्याने हेल्मेट विकत आणून हँडलला लटकवलं. पिवळं टोक लांबून दिसलं की तो ते डोक्यावर चढवायचा. त्याचं पाहून आणखी पाच-सात जणांनी आणलं. एकाने मुलाचं मोटारसायकलचं भलंमोठं हेल्मेट घातलं. एका गड्याकडे काहीच नव्हतं, तर त्याने बाजारात न्यायचं रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घातलं आणि व्याह्यांनी ते मान्य केलं. शाळेच्या मुलींना मात्र ते कधी अडवायचे नाहीत. त्यांच्या मागून, ट्रकच्या बाजूने, शाळेच्या फाट्यापर्यंत घंटी वाजवत जायचे. हे मला मुलींनी सांगितलं, त्यांनी नाही.

या रस्त्यावर व्याही एकदाही पडले नाहीत. पडले ते आमच्या अंगणात. गेल्या पौषातली गोष्ट. सायकलवरून उतरताना पाय पायजम्यात अडकला आणि ते आमच्या दगडी पायरीवर आडवे झाले. डोकं आधी आपटलं. हेल्मेटला दोन बोटं भेग गेली, आत टोपी आणि टोपीच्या आत डोकं जसंच्या तसं. खुबा मात्र मोडला. सूनबाई धावली. तिने आधी नर्ससारखे डोळे तपासले, मग पोरीसारखी रडली. मी पाणी आणलं. वेदनेने त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, तरी त्यांनी मान फिरवली. "शेजारनं पानी आन," ते तिला म्हणाले. तेव्हा ती जी संतापली! इतक्या वर्षांत तिचा आवाज आम्ही असा ऐकला नव्हता. "आबा, हाई घर मन्हं शे. चार वरीस व्हयनात. प्या!" आणि ते प्याले. घटाघटा, अख्खा तांब्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या मावशी भिंतीपलीकडे पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण सायकल बंद. दवाखाना इथेच, त्यामुळे ते आमच्याकडे राहिले. आता ते रस्त्यावरच्या खिडकीशी खुर्चीत बसतात. हो, बसतात. शरीर बसतं, बोटं मात्र खुर्चीच्या हातावर घंटी वाजवत राहतात. गेल्या आठवड्यात त्यांनी हट्ट धरला की सायकल प्रकाशाला पोहोचती करा, इथे पडून तिला गंज चढेल. टेम्पोत घालू म्हटलं तर ते ऐकेनात. वीस वर्षांनी मी सायकलवर बसलो. सूनबाई दारात आडवी उभी, तेव्हा भेगेला चिकटपट्टी लावलेलं ते पिवळं हेल्मेटही घालावं लागलं. पथाऱ्यांपाशी शिंकलो आणि रस्ता दिसेनासा झाला. पुढे तो दूधवाला समोरून येत होता. पिवळं दिसताच त्याने एका हाताने हँडल सांभाळत घाईघाईने हेल्मेट डोक्यावर घातलं. जवळ आल्यावर त्याने माझा चेहरा पाहिला.

"आबा नही शेत का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाहीत, त्यांचा पाय मोडला, आता ते सायकलवर यायचे नाहीत. "अरे अरे," तो मनापासून हळहळला. मग त्याने हेल्मेट काढलं, हँडलला लटकवलं आणि निघून गेला. मी रस्त्यात एक पाय टेकून कितीतरी वेळ त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहत राहिलो. मला वाईट वाटलं आणि रागही आला, त्याचा कमी, ते अर्ज कपाटात ठेवणाऱ्या माझा जास्त. पुढे टोपलंवाला भेटला, टोपलं त्याच्या मागच्या कॅरियरवर होतं.

एसटीने परतलो तर व्याही खिडकीशी वाटच पाहत होते. "समदासनी घालेल व्हतं का?" मी म्हटलं, सगळ्यांनी. टोपलंवाल्यानेसुद्धा. ते ऐकून त्यांनी पाठ पहिल्यांदा खुर्चीला टेकवली. सूनबाईने चहा आणून हातात दिला, भिंतीवरून न फिरवता.

मी कपाटातून ते तीन अर्ज काढले. दंडाचं कलम खोडलं आणि या वेळी त्यांनी न सांगता चौथा अर्ज लिहायला घेतला. हा मी स्वतः नेऊन टेबलावर देणार आहे, हसले तर हसोत. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवला. "सबब विनंती की, प्रकाशा ते नंदुरबार रस्त्यावर सायकलवाल्यांना उघड्या डोक्याचं कारण विचारणारा एक माणूस नेमण्यात यावा. त्याला बसायची सवय नसावी. शाळेच्या मुलींना त्याने अडवू नये, ट्रकच्या बाजूने त्यांच्यामागे जावं." व्याही डोळे मिटून ऐकत होते. "सबब विनंती की"ला त्यांच्या बोटांनी दोनदा घंटी वाजवली. कप रिकामा झाला होता तो त्यांनी जपून खाली ठेवला.

"आनी नाना," ते म्हणाले, "पानी जठे भेटी तठे पेवानं, हाई बी लिखा."

मी लिहून घेतलं.